समकालीनतेचा परिचय : मुंबई, १९४७

जगातील समकालीन चित्रकलेशी मुंबईच्या तरुण चित्रकारांचा परिचय कसा झाला, हा प्रश्न मराठी नवसाहित्याच्या इतिहासात सहसा उपस्थित होत नाही. नाझी राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर मुंबईत स्थायिक झाले. त्यांच्या घरच्या चर्चांतून आणि छापील प्रतिकृतींतून युरोपीय नवकला येथे पोचली. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. त्याच वर्षी मर्ढेकरांचा 'काही कविता' प्रसिद्ध झाला.

या परिचयाला केवळ 'पाश्चात्त्य प्रभाव' म्हणणे अपुरे आहे. प्रभावाच्या कल्पनेत घेणारा निष्क्रिय ठरतो. येथे मात्र त्याने निवड केली. १९४८ मध्ये दिल्लीत प्राचीन भारतीय शिल्पांचे प्रदर्शन पाहिल्यावर हुसेन यांच्या मानवाकृतीने वेगळे वळण घेतले. परक्या समकालीनांची ओळख अशा रीतीने स्वतःच्या परंपरेच्या पुनर्वाचनाला पूरक ठरली.

चित्रांची चर्चा प्रामुख्याने इंग्रजीत झाली, कवितेची मराठीत. त्यामुळे एकाच शहरातील हे दोन शोध समीक्षेत परस्परांना अपरिचित राहिले. मर्ढेकरांचे सौंदर्यशास्त्र चित्रकलेचाही विचार करते, हे लक्षात घेता ही फारकत अधिकच खटकते.