चुन्याचा हात आणि १७०९ चे वलय

सरकारी रस्त्याच्या कडेची झाडे बुंध्याशी चुन्याने रंगविलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. रात्री वाहनचालकास ती दिसावीत हा मूळ हेतू. मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याआधी तो विशेष बळावतो, हे सेवेतील वाचकांस सांगावयास नको. काही वर्षांपूर्वी जानेवारीत शिमल्याहून कोटगढला जाण्याचा योग आला, तेव्हा सफरचंदांच्या बागेतही तोच चुना दिसला. सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतील ‘रेड डेलिशस’ जात जेथे लावली, तो हा मुलूख. येथे कोणाचा दौरा नव्हता, म्हणून बागेच्या वृद्ध मालकांपाशी चौकशी केली.

हिवाळ्यात दुपारचे ऊन, त्यात बर्फावरून उसळलेले, खोडाच्या नैर्ऋत्य अंगावर पडते. साल तापते आणि तिच्याखालचा वाढीचा थर थंडी सोसण्याची सवय सोडून जागा होतो. सूर्य डोंगराआड जाताच पारा झपाट्याने शून्याखाली उतरतो आणि हा जागा झालेला थर गोठून मरतो. मग साल काळवंडते, फाटते, जखमेतून बुरशी आत शिरते. पांढरा चुना ऊन परतवून लावतो, एवढेच त्याचे काम. झाडाला नुसती थंडी तितकीशी मारीत नाही. थंडीत मिळालेली अवेळी ऊब मारते.

ही गोष्ट फार जुन्या काळी एका सरकारी चौकशीतून कागदावर आली. १७०९ च्या जानेवारीत, ५ तारखेच्या रात्रीपासून फ्रान्सवर असा गारठा उतरला की नद्या गोठल्या, शेतातला गहू गेला, प्रोव्हान्समधील ऑलिव्हची झाडे वाळली. महिनाअखेरीस बर्फ वितळू लागले आणि पाठोपाठ पुन्हा सारे गोठले. खरा घात या दुसऱ्या गोठणीने केला असे मानतात. त्या व पुढील वर्षीच्या दुष्काळात आणि साथींत सुमारे सहा लाख माणसे अधिक दगावली असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

पुढे आरमाराला लाकडाची चिंता पडली. नौकानयन खात्याचे मंत्री मोरपा यांनी जहाजांच्या लाकडाच्या अभ्यासाला चालना दिली, आणि त्यातून बुफाँ व द्युआमेल द्यू मोंसो या दोन विद्वानांचा थंडीने झाडांवर होणाऱ्या परिणामांविषयीचा निबंध १७३७ साली विज्ञान अकादमीपुढे आला. ओकची तोडलेली खोडे तपासताना त्यांना सालीपासून आत २९ वलये मोजल्यावर एक सदोष वलय आढळले. वजाबाकी केली, तर साल १७०९ निघाले. सालीलगतचे कोवळे लाकूड कालांतराने पक्के होते; त्या वर्षीचे मात्र पक्के झालेच नव्हते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या खोडाच्या पोटात हलके, दुबळे, लवकर कुजणारे कडे राहिले होते. असा वासा जहाजाला बसविला तर पैसा खजिन्याचा आणि जीव खलाशांचा. काही खोडांत तर मेलेली साल आणि मेलेले लाकूड जिवंत लाकडाने वेढलेले सापडले. दक्षिणेकडच्या अंगाला ही इजा अधिक, कारण तेथे ऊन लागून बर्फ वितळते आणि पुन्हा गोठते, हेही त्यांनी नोंदविले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या चौकशीचे फार अप्रूप वाटते. समितीने अहवाल दिला, इतके नव्हे. तिने लाकूड चिरून पाहिले. आपल्याकडे नमुना तपासण्याऐवजी नमुन्याचा तक्ता मागविण्याची रीत आहे. द्युआमेल यांना १७३९ साली आरमाराचे महानिरीक्षक नेमले गेले. योग्य माणूस योग्य खुर्चीवर, हे तेव्हाही वरचेवर घडत नसावे.

कोटगढच्या मालकांनी निघताना मला करवतीने कापलेला एक जुना बुंधा दाखविला. नैर्ऋत्य अंगाला चंद्रकोरीसारखा काळा डाग होता, आणि दोन्ही कडांनी नवे लाकूड त्याच्यावर वळून आले होते. मी सालीकडून वलये मोजली; एकोणीस भरली. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, “उस साल पिताजी गुजर गये थे, साहब. चूना लगा ही नहीं.”