कुड्याच्या भिंतीवरचा माळी

इतिहास म्हटला की आपण पेण-रोहेकर थेट रायगड गाठतो. मंडळी, एकदा रोह्याहून तळ्याच्या बाजूला कुड्यालाही जाऊन या. राजपुरी खाडीजवळ, मांदाडलगतच्या डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची.

तिथले ब्राह्मी लेख पं. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये छापले. महाभोज घराण्याची नावं त्यात आहेतच. सत्ताधाऱ्यांचे बॅनर तेव्हाही होते म्हणायचे! पण दान देणाऱ्यांत एक माळी आहे, वैद्य आहे, भिक्षुणी आहे. आणि चक्क कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी. घाट उतरून हा माणूस इथे कशाला आला असेल? उत्तर खाडीत आहे. मांदाड हेच ग्रीकांनी नोंदवलेलं मंडगोरा बंदर, असं बरेच अभ्यासक मानतात. माल उतरायचा, पैसा फिरायचा, त्यातला थोडा या कातळात यायचा.

म्हणजे आपल्या भागातल्या साध्या कष्टकऱ्याची सर्वात जुनी लेखी नोंद कदाचित हीच. त्याच भिंतीवर कुणी खिळ्याने बदाम कोरताना दिसला, तर जागच्या जागी हटका. पावसाळा सरला की मी जातोय. यायचं असेल त्यांनी खाली कळवा.