मुलांच्या चित्रपटांची वेचणी : एक मागोवा

वणा नदीच्या काठचे हिंगणघाट हे पूर्वापार कापसाचे गाव. एकोणिसाव्या शतकात ह्या गावाचे नाव कापसाच्या एका नावाजलेल्या जातीलाच मिळाले होते. पऱ्हाटीतून कापूस वेचणाऱ्या बाईला कोणी धडा द्यावा लागत नाही. पांढरा, स्वच्छ कापूस ओटीत घ्यायचा आणि किडका, डागाळलेला वेगळा ठेवायचा, हे तिचे हातच जाणतात. लहान मुलांनी पडद्यावर काय पाहावे, ह्याचीही अशीच वेचणी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत आपल्या समाजाला करावी लागली. ती कोणी केली, कशी केली आणि हिंगणघाटसारख्या गावापर्यंत त्यातले काय पोहोचले, ह्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

ह्या कथेचा आरंभच एका मुलाच्या कुतूहलाने होतो. १९११ साली ईस्टरच्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र ह्याला घेऊन मुंबईत गिरगावातील 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये हलती चित्रे पाहावयास गेले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पडद्यावर चालते-फिरते प्राणी पाहून थक्क झालेल्या मुलाने ते घरी आईला सांगितले. पण कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या कुटुंबालाच घेऊन गेले, तो सणानिमित्त तेथे ख्रिस्तचरित्राचा चित्रपट लागलेला. तो पाहता पाहता आपले राम आणि कृष्णही असेच पडद्यावर आणावेत, हा विचार त्यांच्या मनात मूळ धरू लागला. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतील प्रभू येशूचे हे स्थान आपण अभिमानाने सांगतो. घरच्यांना ते नवल सांगणारा मुलगा मात्र विसरतो. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिताची भूमिका ह्याच भालचंद्राने केली.

पुढे १९१९ मध्ये फाळक्यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यात बाळकृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. ह्या चित्रपटाच्या प्रारंभी ती प्रथम मंदाकिनी म्हणूनच दिसते. चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखविते आणि मग तिचा कृष्ण होतो. फाळक्यांचा हेतू मुलीचे अभिनयकौशल्य दाखविण्याचा असेल. पण लहान मुलाला चित्रपट दाखविताना सांगावयाची पहिली गोष्ट तीच नव्हे काय? ही तुझ्याएवढी एक मुलगी आहे, ती आता कृष्णाचे सोंग घेणार आहे; सापही सोंगाचाच आहे. आज पडद्यावरील मारामारी खरी मानून रात्री दचकून उठणारी मुले पाहिली की त्या मूकपटातील ही लहानशी सोय फार शहाणपणाची वाटते.

आता १९३६ ह्या वर्षाकडे वळू. त्या वर्षी एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन घटना घडल्या. २९ जून रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी 'व्हिजिलांती कूरा' हे चित्रपटविषयक परिपत्रक प्रसृत केले. अंधाऱ्या सभागृहात, गर्दीत बसून, जिवंत भासणाऱ्या चित्रांतून मिळणारी शिकवण कोवळ्या मनावर किती खोल जाते, हे त्यात विस्ताराने सांगितले आहे. देशोदेशी चित्रपटांचे परीक्षण करणारी कार्यालये असावीत, सर्वांसाठी योग्य, काही अटींसह योग्य आणि वर्ज्य अशी प्रतवारी प्रसिद्ध व्हावी, असा त्याचा आग्रह होता. मात्र ते केवळ निषेधाचे पत्रक नाही. चांगला चित्रपट मनाला उन्नत करू शकतो, हेही त्यात तितक्याच स्पष्टपणे मान्य केले आहे. परीक्षण-कार्यालयांनी पुढे यादीतील 'वर्ज्य' हा भाग अधिक उत्साहाने चालविला, ही गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहावयास आले. हिंगणघाटहून सेवाग्राम फारसे दूर नाही. गांधीजींचे चित्रपटाविषयीचे मत कठोर होते. १९२७-२८ च्या रंगाचारियर समितीने त्यांच्याकडे प्रश्नावली पाठविली, तेव्हा आपण कधी सिनेमा पाहिलेला नाही, परंतु त्याने होणारे नुकसान बाहेरच्यालाही दिसते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. पुढे १९३७ मध्ये वर्धा येथे नई तालीमची योजना मांडली गेली. मुलाने हाताने काही घडवीत शिकावे, हा तिचा गाभा. त्या विचारात मुलाने स्वस्थ बसून चित्रे पाहण्याला जागा नव्हती. १९४४ साली मात्र मुंबईत जुहू येथे विश्रांतीसाठी असताना गांधीजींनी विजय भट्ट ह्यांचा 'रामराज्य' पाहिला.

तिसरी घटना पुण्याची. दामले-फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेला प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' वर्षअखेरीस प्रदर्शित झाला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. तो मुलांसाठी काढलेला नव्हता. तरी आजीपासून नातवापर्यंत सगळे घर एका बाकावर बसून तो पाहू शकत होते. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा थोरांना, तर फटकळ पण मायाळू आवली मुलांना. रोममध्ये प्रतवारी सांगितली गेली, वर्ध्याजवळ नकार नांदत होता, आणि पुण्यात काही कारागीर मंडळींनी सगळ्या घराला पुरेल अशी वस्तू घडविली. माझ्या मते मुलांचे खरे हित ह्या तिसऱ्या वाटेने अधिक झाले. परंतु ती वाट सर्वांत महाग आणि सर्वांत एकाकी होती.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'वरून आचार्य अत्रे ह्यांनी १९५३ साली चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ह्याच चित्रपटाला मिळाले. गुरुजी १९५० मध्येच गेले होते. त्यांना हे पाहावयास मिळाले नाही. हा चित्रपट संस्कारक्षम आहे, ह्याविषयी दुमत नाही. तरीही आईचा मृत्यू चार-पाच वर्षांच्या बालकाला सोसवेल काय, हा प्रश्न विचारण्यात गुरुजींचा अनादर होत नाही. चांगले असणे आणि त्या वयाला योग्य असणे ह्या दोन गोष्टी आहेत, आणि थोरांच्या याद्या बहुधा पहिलीच पाहतात.

१९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या पुढाकाराने बालचित्र समिती स्थापन झाली. हृदयनाथ कुंझरू तिचे पहिले अध्यक्ष होते. केदार शर्मा ह्यांचा 'जलदीप' हा तिचा पहिला चित्रपट १९५६ चा. आपल्या सई परांजपे ह्यांनी समितीसाठी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' केले आणि काही काळ समितीची धुराही वाहिली. समितीपाशी कथा होत्या, कलावंत होते, शासनाचा पैसा होता; नव्हती ती वाट. शाळांच्या सहकार्याने सकाळचे खेळ होत, जिल्ह्याजिल्ह्यांत महोत्सव भरत. पण महोत्सव उठला की चित्रपटाची पेटीही उठे. विदर्भ हा चित्रपट-व्यवसायाच्या भाषेत 'सी. पी.-बेरार'चा प्रदेश. वितरक येथे आणील ते चित्रपटगृहात लागणार, आणि वितरक आणील ते जे चालेल ते. तालुक्याच्या गावातल्या आईबापांपुढे निवड अशी नव्हतीच. गावात लागलेला हिंदी चित्रपट दाखवावा की न दाखवावा, एवढाच प्रश्न होता. वर्ज्य काय हे सांगावयास कायदा होता, प्रमाणपत्र होते. 'यू' आणि 'ए' ह्यांच्या जोडीला १९८३ मध्ये 'यू-ए' आले. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातही सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या पडल्या. ही सोय उपयुक्त आहे. परंतु सातव्या वर्षाच्या आतील मुलाला काय दाखवावे, हे कोणतेच प्रमाणपत्र सांगत नाही. ते फक्त काय दाखवू नये तेथे थांबते.

दूरदर्शनने ही कोंडी काही वर्षे फोडली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई केंद्राची 'किलबिल', नंतरचे 'गोट्या' आणि 'मालगुडी डेज' ह्यांनी मुलांना आपल्याच अंगणातली माणसे दाखविली. १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम केले. ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली आणि बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दोन्हींच्या जाण्याचा फारसा गलबला झाला नाही.

तोवर अडचणीचे स्वरूपच पालटले होते. आता हिंगणघाटच्या घरातही खिशातल्या फोनवर साऱ्या जगाची चित्रे येतात. पूर्वी वेचावयास काही नव्हते. आता रानच एवढे मोठे आहे की वेचणारा दमतो, आणि एक चित्र संपण्यापूर्वी दुसरे आपोआप सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले, की दोन वर्षांखालील मुलाला पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. सेवाग्रामचा तो जुना नकार सरसकट टाकाऊ नव्हता, हे मान्य करावे लागते.

दरम्यान विदर्भाच्या वाट्याला 'नाळ' आला. सुधाकर रेड्डी यक्कंटी ह्यांचा हा २०१८ चा चित्रपट. नदीकाठचे खेडे, आपल्या कानाला ओळखीची वऱ्हाडी वळणाची बोली, आणि आठ वर्षांचा चैत्या, ज्याला कळते की आपली आई ही आपली जन्मदात्री नव्हे. श्रीनिवास पोकळे ह्या मुलाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ च्या चित्रपटांचे पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यात 'नाळ २' उत्कृष्ट बालचित्रपट ठरला, आणि सुजय डहाके ह्यांनी नव्याने केलेली 'श्यामची आई' उत्कृष्ट मराठी चित्रपट. 'नाळ' पाचव्या वर्षी दाखवू नये असे मला वाटते. आठव्या-नवव्या वर्षी दाखवावा, पण मुलाला एकटे बसवून नव्हे. मध्येच ते वळून विचारील, "मी तुझ्याच पोटचा ना?" तेव्हा शेजारी आई किंवा बाबा असले पाहिजेत, आणि चित्र तेवढा वेळ थांबविले तरी चालेल.