थरांखालचं पाणी

मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला जातं. तिथल्या वीजघरात त्याची वीज होते, तारांवरून ती मुंबईकडे निघते आणि कुणाच्या तरी घरात दिवा लागतो. दिवा लावणाऱ्याला धरणाची माहिती असावी लागत नाही. बटण कुठे आहे एवढं ठाऊक असलं की पुरे. मधल्या प्रत्येक टप्प्यानं आपलं काम करायचं आणि पुढच्याच्या हाती सोपवायचं. संगणकांचं जाळंही याच रीतीनं बोलतं.

ही रीत ठरायला वेळ लागला. १९७० च्या दशकात प्रत्येक कंपनीची बोली वेगळी होती. आयबीएमनं १९७४ मध्ये आपली जोडणी आणली, डिजिटल इक्विपमेंटनं १९७५ मध्ये आपली. एकाचं यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी बोलेना. तेव्हा आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं, म्हणजे आयएसओनं, सर्वांसाठी एक नकाशा आखायला घेतला. १९८४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात सात थर होते.

समजा, पौडहून मी मुंबईच्या मित्राला एक कविता पाठवली. सर्वांत वर टपालाचा प्रोग्राम, सातवा थर. सहावा थर अक्षरांचे आकडे करतो. पाचवा संभाषण सुरू करतो आणि संपवतो. चौथा मजकुराचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक देतो आणि एखादा हरवला तर पुन्हा पाठवतो. तिसरा पत्ता लिहून वाट शोधतो. दुसरा शेजारच्या दोन यंत्रांमधली देवाणघेवाण सांभाळतो. पहिला म्हणजे प्रत्यक्ष तार, तिच्यातली वीज किंवा प्रकाश. खाली उतरताना कवितेवर लखोट्यावर लखोटा चढतो आणि मुंबईत ते उलट्या क्रमानं उघडले जातात. वाटेतली यंत्रं आपल्यापुरता लखोटा पाहतात; आत कविता आहे की वाण्याचं बिल, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. म्हणूनच तांब्याच्या तारेऐवजी काचेचा तंतू घातला, तरी वरचा प्रोग्राम बदलावा लागत नाही.

या नकाशाचा दुसरा उपयोग म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळणं. मराठीत लिहिणाऱ्यांनी ते दुखणं पुष्कळ वर्षं सोसलं. मजकूर पाठवावा आणि समोर भलतीच चिन्हं उमटावीत! तार शाबूत, पत्ता बरोबर, एकही तुकडा हरवलेला नाही. बिघाड होता सहाव्या थराच्या कामात, कारण प्रत्येक फॉन्टवाल्यानं अक्षरांना आपापले आकडे दिले होते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये आलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण ती घरोघरच्या संगणकांवर रुळायला आणखी बरीच वर्षं गेली.

सात थरांना स्पर्धक मात्र आधीच उभा होता. अमेरिकेत व्हिन्ट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून टीसीपी-आयपी ही पद्धत घडली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट तिच्यावर गेलं. तिच्यात ढोबळमानानं चारच थर. पाचव्या-सहाव्याचं काम वरच्या प्रोग्रामनंच पाहायचं. जगभर वाद झाला, खरा नियम कुणाचा?

त्या वादाचा एक धागा मुंबईतून जातो. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं 'अर्नेट' हे संशोधन संस्थांचं जाळं सुरू केलं. जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल सुरू झाली. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमाणी. १९८९ मध्ये तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाशी दुवा जोडला गेला. त्याचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. अर्नेटनं दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. १९९५ पासून जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी-आयपीवरच राहिली. वाद वापरानं मिटवला. सात थर मात्र वर्गात टिकून राहिले, कारण बिघाडाबद्दल बोलायला त्यांच्याइतकी सोयीची भाषा दुसरी नाही.

आता पुन्हा मुळशीकडे. वरच्यानं खालच्याची चौकशी करू नये, हे या रचनेचं बळ आहे. मुळशीत त्याची दुसरी बाजू दिसते. १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी धरणाला नकार दिला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२४ पर्यंत सत्याग्रह चालला. तरीही धरण झालं आणि मुळा-निळेच्या खोऱ्यातली गावं, शेतं पाण्याखाली गेली. मुंबईतल्या दिव्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. त्या दिव्याला ते ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

आज त्याच मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे. जाळ्यांवर पोट असणारे असंख्य तरुण तिथे रोज कामाला येतात. त्यांना शिकवलेल्या आकृतीत सर्वांत खालचा चौकोन तारेचा असतो. पण तारेसाठी कुणीतरी चर खणलेला असतो, विजेसाठी कुणाचं तरी शेत गेलेलं असतं. यंत्रांना याची गरज नाही, आपल्याला आहे. शिकवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती: त्या शेवटच्या चौकोनाखाली थोडी जागा मोकळी ठेवा आणि मुलांना विचारा, ही जमीन कुणाची होती?