सातबारा, फेरफार आणि बिटकॉइन

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. म्हणून काही जमिनीचे निजामकाळापासूनचे सगळे व्यवहार कुणी पहिल्यापासून तपासले नाहीत. सातबारे तयार होते, कारभार सुरू!

आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा म्हणजे स्टेट, आणि फेरफार (गाव नमुना ६) म्हणजे लॉग.

बिटकॉइनचा नवा नोड मात्र भलता हट्टी. ३ जानेवारी २००९ पासूनचे सगळे 'फेरफार' स्वतः तपासणार, मगच कामाला लागणार. ते ओझं हलकं होत गेलं. २०१३ च्या ०.८ आवृत्तीत न खर्चलेल्या नाण्यांची यादी, म्हणजे सातबाराच, लेव्हलडीबीत आली. २०१५ मध्ये आधी हेडर आणून मग अनेकांकडून एकदम ब्लॉक उतरवणं आलं. २०१७ मध्ये एका ठरावीक ब्लॉकपर्यंतच्या जुन्या सह्यांची तपासणी टाळायची सोय झाली.

पण माझ्या मते खरी उडी ऑक्टोबर २०२४ ची. आवृत्ती २८ मध्ये ८,४०,००० व्या ब्लॉकपर्यंतची तयार यादी फाइलमधून घेता येते. तिचा हॅश सॉफ्टवेअरमध्येच कोरलेला. नोड लवकर कामाला लागतो, आणि पाठीमागे पहिल्या ब्लॉकपासूनची तपासणी चालूच राहते. हिशेब जुळला नाही, तर नोड सरळ थांबतो.

आपल्याकडे ही पाठीमागची तपासणी भावकीत वाद पेटला की सुरू होते. मग फेरफार उपसा, खासरा पत्रक काढा, उर्दू वाचणारा शोधा... तोवर वादातली जमीन तिसऱ्याच्याच नावावर गेलेली असू शकते.