निजामी मुलुखातून मुंबईस : तेलुगू कंत्राटदारांचे स्थलांतर आणि बांधकामाची भाषा

मुंबई शहराच्या बांधणीचा इतिहास लिहिताना गव्हर्नर, वास्तुशिल्पी आणि दानशूर शेट यांची नावे आपण क्रमाने घेतो. हॉर्नबीने बांध घातला, फ्रियरने कोट पाडला, स्टीव्हन्सने आराखडे काढले. परंतु आराखडा आणि इमारत यांच्या मध्ये एक माणूस उभा असतो. माणसे जमवणे, त्यांना आगाऊ पैसा देणे, दगड-चुना वेळेवर आणवणे आणि काम पुरे करून बिल मागणे हे त्याचे काम. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत हा मधला माणूस अनेकदा तेलुगू भाषी होता. निजामाच्या राज्यातील धंदा ब्रिटिश मुंबईत हलला तेव्हा नेमके काय हलले आणि काय मागे राहिले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. सरकारी कागद या बाबतीत फार थोडे बोलतात. म्हणून येथे शब्दांची साक्षही काढली आहे. ती साक्ष कितपत मानावी याचा विचार शेवटी केला आहे.

१

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मीजवळचे मोठे खिंडार हॉर्नबीच्या कारकीर्दीत (१७७१–१७८४) बुजवण्यात आले आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारी बेटांमधील सखल जमीन हळूहळू वस्तीयोग्य झाली. या जमिनीच्या एका भागावर शतकाच्या अखेरीपासून तेलंगणातून आलेल्या मजुरांची वस्ती झाली. तोच कामाठीपुरा. पुढे या नावास जी अपकीर्ती चिकटली तिच्यामुळे त्याचा मूळ अर्थ झाकोळून गेला. शहर बांधणाऱ्यांची वस्ती, एवढाच तो अर्थ होता.

‘कामाठी’ हे नाव या लोकांनी बरोबर आणले नसावे. ते त्यांना मराठी मुलुखात मिळाले, असे दिसते. मराठ्यांच्या लष्करात तंबू ठोकणाऱ्या व अंगमेहनतीची कामे करणाऱ्या नोकरास कामाठी म्हणत. म्हणजे मुळात हे नाव कामाचे होते, जातीचे नव्हते. मुंबईत त्याच्या छत्राखाली भिन्न भिन्न तेलुगू जाती एकत्र मोजल्या गेल्या. स्थलांतराचा हा पहिला परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गावी ज्याची ओळख जातीने व घराण्याने होत असे, त्याची ओळख परक्या राज्यात त्याच्या श्रमाने होऊ लागली.

२

हे लोक का आले, या प्रश्नास दुष्काळ हे उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. १८७६–७८ चा दुष्काळ दख्खनेत आणि हैदराबाद राज्यात भयंकर होता हे खरे, परंतु कामाठ्यांची वसाहत त्याच्या किती तरी आधीची आहे. वाडी ते सिकंदराबाद हा निजामाचा लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला. तत्पूर्वी या माणसांना बराचसा रस्ता पायी किंवा बैलगाडीने तुडवावा लागे. दुष्काळाने माणूस घराबाहेर पडतो. तो कोणत्या दिशेस जाईल हे मात्र त्याच्या ओळखीपाळखीवर ठरते. शेकडो कोस दूर असलेल्या एकाच बेटाकडे पिढ्यान्पिढ्या माणसे येत राहिली, याचा अर्थ त्यांना आणणारी आणि तेथे काम देणारी एक साखळी होती. या साखळीसच आपण ‘धंदा’ म्हणतो.

साखळीचा खालचा दुवा टोळी आणि वरचा दुवा मेस्त्री. मेस्त्री गावी उचल देई. उचल फेडण्यासाठी टोळी त्याच्याबरोबर येई. टोळी हाताशी आहे म्हणून मोठा कंत्राटदार त्यास पोटकाम देई. सरकारी बांधकाम खाते स्थिरावल्यावर, विशेषतः कोट पाडला गेला त्या १८६० नंतरच्या वर्षांत, कामे टेंडराने निघू लागली आणि ज्याच्याजवळ अनामत भरण्यापुरते भांडवल होते तो मेस्त्री स्वतःच कंत्राटदार होऊ शकला. तयार धंदा उचलून मुंबईत आणला, असे येथे घडले नाही. हलली ती टोळी, आणि धंदा तिच्या पाठोपाठ मुंबईतच आकारास आला. हा क्रम उलटा लावला की सारे श्रेय कंत्राटदाराकडे जाते आणि मजूर केवळ त्याचे सामान ठरतो.

३

धंद्याबरोबर काय हलू शकत नाही, हेही पाहिले पाहिजे. पहिली वस्तू दगड. तेलंगणातील पाथरवटाचा हात ग्रॅनाइटवर बसलेला. मुंबईत त्याच्यापुढे कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळसर दगड आणि समुद्रमार्गे येणारा पोरबंदरचा मऊ दगड आला. छिन्नी तीच असली तरी घाव निराळा शिकावा लागला. दुसरी वस्तू नाणे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, मुंबईत कलदार रुपया. मजुरी एका नाण्यात आणि गावचे देणे दुसऱ्यात, अशा स्थितीत बट्ट्याचा हिशेब ज्यास येतो त्याच्या हाती मजुराचे नशीब जाते. तिसरी वस्तू म्हणजे कायद्याचा आधार. गावच्या जमिनीवरील हक्क, वतन व पत यांचा मुंबईच्या न्यायालयात उपयोग नव्हता. परमुलुखातून आलेल्यास पत नव्याने कमवावी लागे, आणि ती कमविण्याचा मार्ग एकच : घेतलेले काम ठरल्या पैशांत पुरे करणे.

या मार्गाचे उत्तम उदाहरण मुंबई महानगरपालिकेची इमारत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार तिचे काम १८८९ मध्ये सुरू होऊन १८९३ मध्ये संपले. कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी कालेवार. मंजूर अंदाज सुमारे ११ लाख ८८ हजार रुपयांचा होता, आणि काम सुमारे ११ लाख २० हजारांत झाले. बोरीबंदर स्थानकासमोरील ती भव्य वास्तू पाहताना तिच्या कंत्राटदाराचे आडनाव तेलुगू धाटणीचे आहे, हे किती जणांच्या लक्षात येते?

४

आडनावांकडे वळलो की भाषाशास्त्राचे क्षेत्र सुरू होते. तेलुगूत घराण्याचे नाव, म्हणजे ‘इंटिपेरु’, व्यक्तिनामाच्या आधी येते. मराठी रिवाजात आधी स्वतःचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव. ‘व्यंकू बाळाजी कालेवार’ आणि ‘नरसिंगराव सायबू वडनाला’ ही नावे मराठी क्रमाने लावलेली आहेत. शब्द तेलुगू, रचना मराठी. तेलुगूतील आदरार्थी ‘वारु’ हे पद ‘अय्यावारु’ या नावात जसेच्या तसे राहिले आहे. ‘कालेवार’ यात ते ‘वार’ झाले. नांदेड, यवतमाळ व चंद्रपूर भागांतील असंख्य ‘वार’कारान्त आडनावांतही हेच दिसते. राज्य बदलले की कागदावर नाव लिहिणारा कारकून बदलतो, आणि दोन पिढ्यांत कारकुनाने लिहिलेले नाव घरातही रूढ होते.

धंद्याचे शब्द याहून बोलके आहेत. तेलुगूत मक्त्यास ‘गुत्त’ म्हणतात, कन्नडात ‘गुत्तिगे’. मराठवाड्यात बांधकामाचा ठेका घेणारा आजही ‘गुत्तेदार’ म्हणून ओळखला जातो. उलट मुंबईत, जेथे खुद्द तेलुगू गुत्तेदार नांदले, तेथे हा शब्द बांधकामात रुजला नाही. तेथे ‘गुत्ता’ उरला तो दारूचा, कारण दारूविक्रीचा मक्ता लिलावाने दिला जाई. बांधकामात मात्र इंग्रजी करारपत्राबरोबर आलेला ‘कंत्राटदार’ प्रस्थापित झाला. वरच्या माणसाने आपल्या धंद्याचे नाव बदलले, कारण त्याचा व्यवहार सरकारी कागदाशी होता.

खालच्या माणसाचे शब्द निराळ्या वाटेने आले. ‘मेस्त्री’ हा मूळ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’. तो पूर्व किनाऱ्यावरून तेलुगूत आणि पश्चिम किनाऱ्यावरून मराठीत शिरला. तेलंगणातला मजूर मुंबईत उतरला तेव्हा आपल्या म्होरक्यास हाक मारण्याचा शब्द त्यास तेथे आयताच मिळाला. ‘बिगारी’ या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. फारसी ‘बेगार’ म्हणजे बिनमोल श्रम. तेलंगणात देशमुख-जहागीरदार जी सक्तीची सेवा घेत तिला ‘वेट्टि’ म्हणत. आपला ‘वेठ’ हा तिचाच भाऊबंद. परंतु मुंबईत ‘बिगारी’ म्हणजे रोजावर काम करणारा, दिवसाचे दाम घेणारा मजूर. शब्द तोच, पण अर्थ वेठीपासून मजुरीपर्यंत सरकला. स्थलांतराने मजुरास काय दिले, याचे उत्तर या एका अर्थांतरात आहे. मात्र तेवढ्यावर समाधान मानता येत नाही, कारण ‘उचल’ हाही शब्द त्याच जागेवरचा आहे. वेठ सुटली आणि उचल लागली, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

५

या कंत्राटदारांच्या इतिहासास एक तेजस्वी बाजू आहे, तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे ठरेल. जोतीराव फुले स्वतः कंत्राटी व्यवसायात होते. बांधकाम खात्यातील कारकुनांच्या लबाडीचे त्यांनी केलेले वर्णन अनुभवाचे आहे. मुंबईचे रामय्या व्यंकय्या अय्यावारु, जाया कराडी लिंगू, नरसिंगराव वडनाला आणि कालेवार हे त्यांचे स्नेही व सत्यशोधक समाजाचे (स्थापना २४ सप्टेंबर १८७३) आधारस्तंभ होते. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. त्या काळातील मुंबईच्या सत्यशोधक वर्तुळात या तेलुगू मंडळींचे स्थान मोठे होते. गावी ज्यांना वतन नव्हते आणि शहरात ज्यांना जातीचा मान नव्हता, त्यांनी कष्टाने मिळवलेला पैसा मराठीतील एका विचारास दिला. परभाषिकांनी मराठीस दिलेल्या देणग्यांत या देणगीची गणना आपण क्वचितच करतो.

तथापि हाच पैसा टोळीच्या श्रमांतून आला होता, हेही विसरता येत नाही. समतेच्या सभेस जाणारा कंत्राटदार सोमवारी हजेरीपटापाशी कसा वागे, हे आपणांस सांगणारा कागद सहसा मजुराने लिहिलेला नसतो. या दोन सत्यांपैकी एक झाकून दुसरे सांगण्याचा मोह इतिहासकाराने टाळावा.

६

शेवटी पुराव्याविषयी. शब्द आले म्हणून माणसे आली असे सिद्ध होत नाही. शब्द व्यापाऱ्यांबरोबर, फौजांबरोबर, कागदांबरोबरही फिरतात. ‘गुत्तेदार’ मराठवाड्यात आहे तो कामाठ्यांमुळे नव्हे, तर तो प्रदेश शतकानुशतके तेलुगू व कन्नड भाषांच्या शेजारी एकाच राज्यात होता म्हणून. यास्तव शब्दांची साक्ष एकटी घेऊ नये, तिला कागदाची जोड हवी. परंतु कागद जेथे मुका आहे तेथे शब्दास बोलू न देणे, हीही चूकच होय.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि २०१४ मध्ये तेलंगण राज्य अस्तित्वात आले. ज्या गावांतून टोळ्या निघाल्या ती गावे न हलता तीन राज्यांतून गेली, आणि जे निघाले ते मुंबईचेच झाले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरांत कामाचे तेलुगू शब्द अद्याप काही प्रमाणात ऐकू येतात. हत्यारांची, मापांची, टोळीतील नात्यांची नावे वृद्धांच्या तोंडून टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. इमारती आणखी शंभर वर्षे उभ्या राहतील. त्या ज्या शब्दांनी बांधल्या गेल्या, त्यांचे आयुष्य तेवढे नाही.