कोसा ते कौशेय : बाळासाठी कापडावरून आलेली नावं आणि त्यांचे खरे अर्थ

घरात बाळ येणार म्हटलं की व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू होतो. फुलं, नद्या, देव, तारे यांच्यावरून आलेली नावं सगळ्यांनाच माहिती असतात. पण कापडावरूनही नावं येतात आणि त्यातली काही तर आपल्या अगदी ओळखीची आहेत. पूर्व विदर्भात पितांबर नावाचे एखादे काका तुम्हाला सहज भेटतील. पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र आणि ते नेसणारा विष्णूही!

गोंदियाचा काय संबंध?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन गोंदिया जिल्हा तयार झाला. जिल्हे वेगळे झाले, पण एक धागा दोघांनाही बांधून आहे. तो म्हणजे टसर रेशीम, आपल्याकडच्या बोलीत कोसा.

आपण शाळेत शिकतो ते रेशीम तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या अळ्यांचं. टसरच्या अळ्या मात्र ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात, तेही उघड्या जंगलात. पूर्व विदर्भात हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढिवर समाजातली कुटुंबं करत आली आहेत. पक्षी आणि मुंग्या अळ्या खातात, म्हणून झाडांवर सतत पहारा ठेवावा लागतो. पुढे कोशांपासून धागा निघतो आणि भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगावसारख्या गावांत त्याचं कापड विणलं जातं. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली 'करवत काठी' साडी याच पट्ट्यातली. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आता गंमत बघा. 'कोसा' हा शब्द आला संस्कृतातल्या 'कोश'वरून. त्याच कोशापासून झालेलं वस्त्र म्हणजे 'कौशेय'. पाणिनीच्या व्याकरणात हा शब्द कसा तयार होतो याचं सूत्रच आहे. म्हणजे बाजारातला कोसा आणि ग्रंथातलं कौशेय ही एकाच घरातली भावंडं!

कोणती नावं ठेवता येतील?

- कौशेय / कौशेयी : रेशमी वस्त्र. पहिलं मुलासाठी, दुसरं मुलीसाठी चालेल.
- अंशुक / अंशुका : तलम वस्त्र. कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकात 'चीनांशुक' म्हणजे चिनी रेशमाचा उल्लेख येतो.
- क्षौमा : 'क्षुमा' म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याचं कापड ते क्षौम, म्हणजे आजचं लिनन. धानाच्या बांधीत जवस पाहिलेल्या घराला हे नाव जवळचं वाटेल.
- दुकूल : उंची, तलम वस्त्र. फारसं कानावर न पडणारं नाव.
- नीलांबरी : निळं वस्त्र नेसलेली. या नावाचा एक रागही आहे.
- रेशमा : मूळ फारसी 'अब्रेशम'. मराठीतलं रेशीमही तिथूनच आलं.
- झरीना : फारसीत 'झर' म्हणजे सोनं. आपल्या जरीकाठातली 'जर' तीच.

कौशेयी, अंशुका, क्षौमा ही रूपं मूळ शब्दांवरून मुलींसाठी केलेली आहेत. जुन्या ग्रंथांत ती माणसांची नावं म्हणून शोधत बसू नका.

अर्थ तपासताना कुठे फसायला होतं?

'अंबर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : आकाश आणि वस्त्र. त्यामुळे नीलांबरचा अर्थ 'निळं आकाश' असाही होतो आणि 'निळ्या वस्त्राचा' असाही. दिगंबर म्हणजे मात्र दिशा हेच ज्याचं वस्त्र, तो. थोडक्यात, वस्त्र न नेसणारा!

आणखी एक गोष्ट. रेशमाचा सलग धागा काढायचा तर पतंग बाहेर पडण्याआधी कोश उकळावे लागतात. त्यात आतला जीव मरतो. घरातल्या कोणाला हे खटकत असेल तर आधीच बोलून घ्या. क्षौमा हा वनस्पतीवरून आलेला पर्याय आहेच.

नाव नोंदवताना काय लक्षात ठेवाल?

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नाव ठरलेलं नसेल तरी नोंद थांबवू नका. नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क टाकता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपरिषद हे काम बघते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झाला आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी अशा कामांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागेल. म्हणून वेगळं नाव निवडलंत तर स्पेलिंग आधी ठरवा. कौशेयच्या शेवटी इंग्रजीत 'ए' लावायचा की नाही? क्षौमा 'के'ने लिहायची की 'सी'ने? कागदावर लिहून घरच्यांना वाचायला द्या. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी अक्षर न् अक्षर बघूनच दाखला हातात घ्या.

आणि मुलीचं नाव कौशेयी ठेवलंतच, तर ती जरा मोठी झाल्यावर तिला ऐनाचं झाड नक्की दाखवा. साडी तर दुकानातही दिसेल, तिची सुरुवात कुठे होते हे मात्र जंगलातच कळतं.